धनुष्कोडी: वाळूच्या पट्टीवरची पन्नास वर्षांची रेल्वे

रामेश्वरला जाणारी आपली मंडळी बावीस तीर्थांची स्नानं उरकतात, दर्शन घेतात आणि दुपारी गाडीवाल्याला विचारतात, "धनुष्कोडीला किती वेळ लागेल?" दोन तासांत जाऊन येता येतं, असं उत्तर मिळतं आणि दोन तासांत ते उरकलंही जातं. फोटो, शिंपल्यांची माळ, परत. मीही पहिल्यांदा तसाच गेलो होतो. दुसऱ्यांदा मात्र पहाटे निघालो आणि सबंध दिवस तिथेच काढला. धड झाड उभं राहत नाही अशा त्या वाळूवर पन्नास वर्षं आगगाडी धावत होती, ती कशी धावली आणि का थांबली, हे मला समजून घ्यायचं होतं. "१९६४ च्या वादळानं वाहून नेली" हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं उत्तर तिथल्या वाळूत आहे.

आधी जागा डोळ्यांसमोर आणू. तमिळनाडूच्या किनाऱ्यापासून सुटलेलं रामेश्वर बेट नकाशावर पाहिलंत, तर त्याच्या आग्नेयेला एक लांब निमुळती शेपटी निघालेली दिसते. ही शेपटी म्हणजे धनुष्कोडी. रामेश्वरपासून टोकापर्यंत वीसेक किलोमीटर. डाव्या हाताला पाल्कचा उपसागर, उजव्या हाताला मन्नारचं आखात आणि मध्ये वाळू. काही ठिकाणी पट्टी इतकी अरुंद होते की रस्त्यावर उभं राहून दोन्हीकडचं पाणी दिसतं. २०१७ मध्ये टोकापर्यंत पक्की सडक झाली. त्याआधी गावाच्या पुढे वाळूतून आणि साचलेल्या पाण्यातून जीपगाड्या जायच्या. सडक संपते तिथे वर्तुळाकार वळण आहे, मधोमध अशोकस्तंभ आहे आणि त्यापुढे नुसती पुळण. या टोकाचं तमिळ नाव अरिचलमुनै. मुनै म्हणजे टोक आणि अरिचल म्हणजे धूप, झीज. म्हणजे झिजणारं टोक. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांना ही जागा कशी आहे ते पुरतं ठाऊक होतं.

धनुष्कोडी या नावाची कथा आपल्याला माहीत असते. लंकेहून परतताना बिभीषणाच्या विनंतीवरून रामानं धनुष्याच्या टोकानं सेतू मोडला, म्हणून धनुष्कोटी. आपल्याकडच्या काशी-रामेश्वर यात्रेचं चक्र इथूनच पुरं होतं. सेतूची वाळू उचलून प्रयागच्या त्रिवेणीत सोडायची आणि तिकडचं गंगाजल आणून रामेश्वराला अभिषेक करायचा. नाथांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाटेत तहानेनं तळमळणाऱ्या गाढवाला पाजली, ती गोष्ट याच वाटेवरची. तेव्हा ही वाळू मराठी घरांना परकी नाही. पैठणहून, नाशिकहून, पंढरपूरहून माणसं पायी इथवर येत होती, आगगाडीच्या कितीतरी शतकं आधी.

वाळूच्या टोकाला रेल्वे कशासाठी?

कारण सरळ होतं. पलीकडे श्रीलंका, म्हणजे तेव्हाचं सिलोन. दोन्ही देश इंग्रजांच्या ताब्यात. मद्रासहून कोलंबोला जायचं तर आधी रेल्वेनं तुतिकोरिन गाठावं लागे आणि तिथून रात्रभराचा बोटीचा प्रवास. धनुष्कोडीपासून मात्र सिलोनचं तलैमन्नार जेमतेम तीसेक किलोमीटर. आगबोटीनं दोन-अडीच तासांचं अंतर. हे अंतर गाठायचं तर रूळ पट्टीच्या शेवटापर्यंत न्यायलाच हवे होते. शिवाय सिलोनच्या चहामळ्यांना तमिळ मजूर हवे होते. हजारोंच्या संख्येनं माणसं या वाटेनं गेली. मुख्य भूमीवरच्या मंडपमला त्यांच्यासाठी छावणी होती. रोगराई पलीकडे जाऊ नये म्हणून त्यांना तिथे काही दिवस थांबवून घेत आणि मगच पुढे सोडत. या रेल्वेच्या इतिहासात साहेबांच्या डब्यांची वर्णनं पुष्कळ सापडतात, पण तिचा खरा भार या मजुरांचा होता.

मंडपम आणि रामेश्वर बेट यांच्यामध्ये पांबनची खाडी आहे. ती ओलांडायला दोन किलोमीटरहून थोडा लांब पूल बांधला गेला. काम १९११ मध्ये सुरू झालं आणि २४ फेब्रुवारी १९१४ रोजी तो वाहतुकीला खुला झाला. भारतातला हा पहिला समुद्रपूल. मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू होईपर्यंत, म्हणजे जवळपास शतकभर, देशातला सर्वांत लांब समुद्रपूल म्हणून याचंच नाव घेतलं जाई. साउथ इंडियन रेल्वे या कंपनीनं मद्रासच्या एग्मोर स्थानकापासून थेट धनुष्कोडीपर्यंत गाडी सुरू केली. गाडीतून उतरायचं, धक्क्यावर उभ्या असलेल्या बोटीत बसायचं, तलैमन्नारला पुन्हा गाडी पकडायची आणि कोलंबो. सगळ्याला मिळून एकच तिकीट. लोक तिला बोट मेल म्हणू लागले. आजही चेन्नईहून रामेश्वरला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीला जुनी माणसं बोट मेलच म्हणतात, बोट बंद होऊन कितीतरी वर्षं लोटली तरी.

सेतूच्या उथळ वाळूवरून थेट लंकेपर्यंत रूळ टाकण्याचा विचारही त्या काळी झाला होता. तसा मार्ग झाला असता तरी एक अडचण उरलीच असती. आपल्याकडचा मार्ग मीटर गेज, म्हणजे दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर; सिलोनचा ब्रॉड गेज, साडेपाच फुटांचा. एकीकडची गाडी दुसरीकडे चालली नसती. मधला समुद्र नसता तरीही प्रवाशांना उतरून गाडी बदलावीच लागली असती.

या रहदारीवर गाव उभं राहिलं. स्थानक, टपाल कचेरी, कस्टमची कचेरी, शाळा, चर्च, देवळं, धर्मशाळा, रेल्वेच्या चाळी. आज जे पडके अवशेष दिसतात ते याच गावाचे. चर्चच्या भिंतींजवळ जरा वेळ थांबून पाहा. दगड जवळून बघितलात की त्यावर फुलांसारखी, मधाच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते. कुणी कोरलेली नाही ती. मन्नारच्या आखातातल्या प्रवाळाचेच ठोकळे कापून भिंती रचल्या होत्या. वाळूच्या पट्टीवर दगड मिळणार कुठून? समुद्रानं जे दिलं त्याचीच घरं झाली. मी त्या भिंतीवर हात ठेवला तेव्हा बोटांना बारीक पांढरी भुकटी लागली. खारा वारा अजूनही ती भिंत कणाकणानं नेतो आहे.

ही पट्टी कशी बनते आणि का हलते

पुळण म्हणजे जमिनीचा कायमचा तुकडा, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती वाहती गोष्ट आहे, नदीसारखी, फक्त संथ.

लाट किनाऱ्यावर सहसा अगदी समोरून येत नाही, थोडी तिरकी येते. येताना वाळूचे कण तिरके वर नेते. परत जाताना मात्र पाणी उताराच्या दिशेनं सरळ खाली उतरतं. त्यामुळे कण जिथून उचलला तिथे परत येत नाही, जरा बाजूला उतरतो. पुढची लाट त्याला आणखी बाजूला नेते. असा करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली करत कण किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत राहतो. एका लाटेत वीतभर सरकणारी वाळू वर्षभरात कुठच्या कुठे जाते. आणि जिथे किनारा वळतो किंवा संपतो, तिथे प्रवाहाचा जोर ओसरतो आणि हातातलं ओझं खाली ठेवावं तशी वाळू खाली बसते. बसत बसत जमिनीतून बोट बाहेर निघावं तशी पट्टी समुद्रात पुढे जाते. धनुष्कोडी हे असंच बोट आहे, आणि त्यापुढची सेतूची उथळ बेटं म्हणजे त्याच वाळूचा पसारा.

इथे दोन समुद्र आहेत हे फार महत्त्वाचं. स्थानिक कोळी पाल्कच्या बाजूला स्त्री समुद्र म्हणतात आणि मन्नारच्या बाजूला पुरुष समुद्र. एरवी डावीकडचं पाणी तळ्यासारखं शांत असतं आणि उजवीकडे लाटा आदळत असतात. नैऋत्य मोसमी वारे वाहतात तेव्हा उजवा समुद्र खवळतो. ऑक्टोबरनंतर ईशान्येचे वारे सुरू झाले की पाळी डाव्याची. वर्षातले काही महिने वाळू एका बाजूनं ढकलली जाते आणि काही महिने दुसऱ्या बाजूनं. म्हणून अरिचलमुनैचं टोक कधी डावीकडे वळलेलं दिसतं, कधी उजवीकडे. दरवर्षी येणाऱ्या माणसाला ते दरवर्षी वेगळं भेटतं. उपग्रहानं वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या चित्रांतही टोकाचा आकार बदललेला दिसतो.

या पट्टीचं जगणं अशा हलण्यावरच आहे. एका बाजूनं जितकी वाळू गेली तितकी दुसरीकडून येत राहिली, तर पट्टी टिकते. तिला एका जागी धरून ठेवायचा प्रयत्न केला की बिघाड सुरू होतो. आणि रेल्वेची मागणी नेमकी तीच असते: जमीन एका जागी धरून ठेवा.

किनाऱ्यावर चालताना एक गोष्ट स्वतः करून बघा. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत पाय घोट्यापर्यंत रुततो. पाण्याच्या अगदी काठाशी, ओल्या वाळूत तोच पाय ठाम उभा राहतो. आणि आणखी दोन पावलं पुढे, जिथे वाळू पाण्यात पूर्ण बुडलेली आहे, तिथे टाचेखालून ती पुन्हा निसटते. वाळू तीच, फरक पाण्याचा. किंचित ओल्या वाळूत दोन कणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि तो कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. लहान मुलं किल्ला करताना वाळूत बरोबर तेवढंच पाणी घालतात. कोरड्यात तो पापुद्रा नसतो. पूर्ण भिजलेल्या वाळूत कणांमधली सगळी जागा पाण्यानं भरते, मग ओढ उरत नाही आणि कण एकमेकांवरून घसरू लागतात.

आणि त्या घट्ट ओल्या वाळूवर जोरात पाय द्या. पावलाभोवती क्षणभर वाळू पांढरी, कोरडी दिसते. पाणी गेलं कुठे? दाटीवाटीनं बसलेल्या कणांवर दाब आला की त्यांना हलायला एकमेकांवर चढावं लागतं. तसं झालं की मधल्या फटी मोठ्या होतात आणि वरचं पाणी त्या फटींमध्ये खाली शोषलं जातं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या इंग्रज शास्त्रज्ञानं १८८५ मध्ये याचा उलगडा केला. मी सकाळी अर्धा तास हेच करत होतो, दर पावलाला ते पांढरं वलय उमटताना बघत.

हे सगळं रेल्वेशी निगडित आहे. रूळ सिमेंटवर बसत नाहीत. खाली मातीचा किंवा वाळूचा भराव, त्यावर खडी, त्यावर स्लीपर, त्यावर रूळ. खडीचे तुकडे मुद्दाम कोनदार घेतात, म्हणजे ते एकमेकांत अडकून बसतात, चाकाचा भार पसरवतात आणि पावसाचं पाणी झिरपू देतात. वाऱ्यानं उडालेली वाळू या खडीत शिरली की फटी बुजतात, लवचीकपणा जातो, पाणी तुंबतं. खारं पाणी आणि खारी हवा रुळाचं लोखंड खाते ते वेगळंच. अशा मार्गावर वाळू उपसण्याचं काम रोजचं असतं. तरीही भराव कोरडा किंवा ओलसर आहे तोवर तो भार पेलतो. समुद्र भरावातच शिरला तर मात्र तो त्या तिसऱ्या जागेतल्या वाळूसारखा होतो, टाचेखालून निसटणाऱ्या.

गोड्या पाण्याचा खड्डा

इथे थोडं विषयांतर करतो, कारण धनुष्कोडीत मला सर्वांत विलक्षण वाटलं ते हेच. दोन्हीकडे खारा समुद्र, आणि कोळ्यांच्या झापाच्या झोपड्यांजवळ वाळूत खणलेले लहान खड्डे. एक बाई त्यात वाकून वाटीनं पाणी उचलून कळशीत ओतत होती. घाई नाही, एक वाटी, मग थोडं थांबायचं, खड्ड्यात पाणी जमलं की दुसरी वाटी. मी "अक्का" म्हणून हाक मारली आणि खुणेनंच विचारलं. तिनं वाटी माझ्या ओंजळीत रिकामी केली. पाणी गोडं होतं. समुद्र तिथून शंभर पावलांवर.

यामागचं गणित सुंदर आहे. पट्टीवर पडलेला पाऊस वाळूत झिरपतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं. वजनातला फरक फार थोडा, चाळिसात एक भाग एवढाच. त्यामुळे समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक मीटर उभं असेल, तर हिशेबानं त्याखाली चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं. घायबेन आणि हर्झबर्ग या दोन युरोपीय अभ्यासकांच्या नावानं हा नियम ओळखला जातो. धनुष्कोडीसारख्या अरुंद आणि सखल पट्टीत वरची उंची बोटांवर मोजण्याइतकी, म्हणून खालचा थरही पातळ. त्यात खोल विहीर खणली किंवा पंप लावला की खालचं खारं पाणी उसळून वर येतं. उथळ खड्डा आणि वाटी हीच तिथली योग्य पद्धत. त्या बाईला नियमाचं नाव माहीत असायची गरज नाही; तिच्या हाताला तो पक्का माहीत आहे.

२२ डिसेंबर १९६४ ची रात्र

डिसेंबरच्या मध्यावर अंदमानकडच्या समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. ते पश्चिमेकडे सरकत गेलं, जोर धरत गेलं, श्रीलंकेचा उत्तर भाग ओलांडून २२ डिसेंबरच्या रात्री पाल्कच्या सामुद्रधुनीत उतरलं. वाऱ्याचा वेग ताशी २८० किलोमीटरपर्यंत गेला होता, असा अंदाज आहे.

वारा घरं पाडतो, पण किनाऱ्यावर माणसं मरतात ती बहुतेक पाण्यानं. वादळात समुद्राची पातळीच वर येते, त्याला उधाणापेक्षा निराळं समजायला हवं. पहिलं कारण हवेचा दाब. वादळाच्या मध्यभागी हवा हलकी असते, त्यामुळे तिच्याखालचं पाणी वर फुगतं. दाब एका मिलिबारनं उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर चढतं. म्हणजे पन्नास मिलिबारला अर्धा मीटर. खरी करामत वाऱ्याची. परातीत पाणी घेऊन एका कडेनं जोरात फुंकत राहिलं तर पाणी पलीकडच्या कडेला चढतं, तसं वारा समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे लोटत राहतो. समुद्र खोल असेल तर लोटलेलं पाणी तळाशी उलट वाहून मोकळं होतं. उथळ असेल तर त्याला परतायला वाट नसते, ते वर चढतं. आणि पाल्कचा उपसागर, सेतूचा पट्टा हे सगळं उथळ. मोठी जहाजं इथून जाऊ शकत नाहीत इतकं उथळ. या चढलेल्या पाण्याच्या पाठीवर मग लाटा. त्या रात्रीच्या लाटा सात मीटरपर्यंत उंच होत्या, असं सांगितलं जातं. ज्या पट्टीवर गाव वसलं होतं तिची उंची त्यापुढे काहीच नव्हती. पाणी दोन्ही बाजूंनी आलं आणि मध्ये जमीन म्हणून काही उरलं नाही.

त्याच रात्री ११ वाजून ५५ मिनिटांनी ६५३ क्रमांकाची पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर पांबनहून निघाली. तिकीट काढलेले ११० प्रवासी आणि रेल्वेचे ५ कर्मचारी. धनुष्कोडी अगदी जवळ आल्यावर सिग्नल बंद पडलेला होता. चालकानं गाडी थांबवली, वाट पाहिली, लांबलचक शिटी दिली आणि अंधारात गाडी पुढे काढली, असं सांगतात. स्थानकाच्या अलीकडेच समुद्रानं गाडी घेतली. कुणीही वाचलं नाही. बिनतिकिटाचे प्रवासी धरले तर मृतांचा आकडा दोनशेच्या घरात जातो, असं म्हणतात. सबंध वादळात सुमारे १,८०० माणसं गेली.

चालकानं गाडी पुढे न्यायला नको होती, असं म्हणणं आज सोपं आहे. मला ते पटत नाही. तारा तुटलेल्या, कुणाकडून काही कळायचा मार्ग नाही, मागे तितकाच काळोख आणि पुढे दिव्याचं स्थानक असायला हवं. अशा वेळी माणूस स्थानकाकडेच जाणार.

सरकारनं गाव राहण्यास अयोग्य ठरवलं. आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अभ्यासानुसार, वादळाच्या पंधरा वर्षं आधीच, १९४८-४९ मध्ये, धनुष्कोडीचा मन्नारच्या बाजूचा भाग जवळपास पाच मीटर खचला होता. म्हणजे गाव ज्या जमिनीवर होतं, ती आधीच पाय मागे घेत होती.

४६ दिवस

त्याच वादळात पांबनच्या पुलाचेही हाल झाले. १४५ पैकी १२६ गर्डर, म्हणजे खांबांवरच्या आडव्या लोखंडी तुळया, समुद्रात गेले. खांब बहुतेक उभे राहिले, आणि बोटींना वाट देण्यासाठी मधला उघडणारा भाग होता तो वाचला. गर्डर खांबांना जखडलेले नसतात. उन्हानं लोखंड वाढतं, थंडीत आकसतं, म्हणून ते खांबांवर नुसते टेकवून ठेवतात, हलायला जागा देऊन. खालून पाणी चढलं आणि बाजूनं लाटांनी धक्का दिला, की टेकलेली वस्तू घसरते.

दुरुस्तीला सहा महिने दिले होते, वरिष्ठांनी ते तीनवर आणले. कामाची जबाबदारी होती ३२ वर्षांच्या ई. श्रीधरन यांच्याकडे. त्यांनी मच्छीमारांच्या मदतीनं समुद्रतळाशी पडलेले गर्डर शोधले, वर काढले आणि पुन्हा बसवले. पूल ४६ दिवसांत उभा राहिला. हेच श्रीधरन पुढे कोकण रेल्वेचे प्रमुख झाले. सह्याद्रीतून बोगदे काढणारा आपला माणूस आधी पांबनच्या पाण्यातून लोखंड वर काढून आला होता, हे कोकणात फार थोड्यांना माहीत असतं.

पूल परत आला, पण धनुष्कोडीचे रूळ परत आले नाहीत. बोट रामेश्वरहून तलैमन्नारला जाऊ लागली आणि १९८० च्या दशकात श्रीलंकेतल्या यादवीमुळे तीही थांबली. रामेश्वर ते धनुष्कोडी सुमारे १७ किलोमीटरचा मार्ग पुन्हा टाकायचा, अशी कोनशिला २०१९ मध्ये बसली. काम जमीन आणि पर्यावरणाच्या प्रश्नांवर अडलं. माझं मत विचाराल तर ते अडलेलंच बरं.

जुन्या पुलाचा उघडणारा भाग शेर्झर पद्धतीचा. मध्ये समोरासमोर दोन पाती, प्रत्येकी ४०० टनांहून जड. प्रत्येक पात्याचं मागचं टोक झुलत्या खुर्चीच्या पायासारखं वक्र. पातं उचलायचं म्हणजे ते या वक्र पायावर मागे लोळवायचं. मागच्या वजनानं तोल सांभाळलेला असल्यामुळे इतकं जड पातंही माणसं दांडे फिरवून हातानं उघडत असत. पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र होतं; ताशी ५८ किलोमीटरच्या वर वारा गेला की सिग्नल आपोआप लाल होई. १९६४ नं शिकवलेला हा धडा. २००७ मध्ये पूल ब्रॉड गेज झाला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये गंजामुळे त्यावरची वाहतूक कायमची थांबली. त्याला समांतर नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा मधला भाग लोळत नाही, दोन मनोऱ्यांमधून लिफ्टसारखा सपाट १७ मीटर वर जातो.

जायचं असेल तर

पहाटे जा. दिवस मावळायच्या आत पोलीस सगळ्यांना परत पाठवतात, आणि दुपारी सावली म्हणून काही नाही. पाणी, टोपी, दोन्ही बरोबर ठेवा. अरिचलमुनैला पोहू नका. दोन समुद्रांचे प्रवाह तिथे एकमेकांना छेदतात आणि तळ एका पावलात खोल जातो. शांत दिसणाऱ्या डाव्या बाजूलाही तेच. हिवाळ्याच्या शेवटी गेलात तर वाटेतल्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात. शिंपल्यांच्या वस्तू घ्या हवं तर, पण प्रवाळाचे तुकडे कुणी दाखवले तर घेऊ नका, कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. आणि स्थानकाच्या पडक्या भिंती, पाण्याची टाकी यांच्याजवळ उतरा. बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत, थांबवायला सांगावं लागतं.

परतताना पांबनच्या सडकेच्या पुलावर थांबलो. खाली दोन्ही रेल्वेपूल शेजारी शेजारी, एक तांबूस गंजलेला, एक नवा कोरा. नव्या पुलावरून रामेश्वरची गाडी हळूहळू येत होती, खिडक्यांतून हात बाहेर काढून माणसं समुद्राला नमस्कार करत होती.

शेजारच्या आजींनी निघताना सांगितलं होतं, सेतूची मूठभर वाळू आण म्हणून. टोकावरची आणली. घरी पांढऱ्या कागदावर पसरून भिंगातून पाहिली: काचेसारखे स्वच्छ कण, शिंपल्यांचे गुळगुळीत झालेले चुरे, आणि मधूनच प्रवाळाचा एखादा भोकाभोकांचा तुकडा, चर्चच्या भिंतीतल्यासारखाच. पुन्हा पुडी बांधून आजींच्या देव्हाऱ्यात ठेवली आहे. माघात त्यांचा नातू प्रयागला जाणार आहे, तो घेऊन जाईल.